दवाखान्यात बसलेली आराध

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

मुक्काम आंबाजोगाई,
आश्विन शुद्ध चतुर्दशी, शके १८४३

चि. शिवकन्येच्या वडिलांच्या पायी नीलम्माचा शरणार्थ.

इकडे सर्व क्षेम आहे. तिकडची खुशाली बद्रीनाथभावजींकडून कळली. ते आज सकाळी गाडी घेऊन पोचले. म्हणाले, दुकान रोज वेळेवर उघडतं, शिवकन्या सासरहून येऊन दोन्ही वेळचं करून घालते, आणि तुम्ही तिच्या आमटीत मीठ कमी पडलं म्हणून रोज कुरकुरता. ऐकून जिवाला बरं वाटलं. तुम्ही कुरकुरत नाही असं कळलं असतं तर काळजी लागली असती.

पुढं वाचण्याआधी एक विनंती. हे पत्र बंकटला वाचायला देऊ नका. गडी इमानी आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. तो तुम्हाला अर्धं वाचून दाखवील आणि उरलेलं तुमच्याआधी बाजारात पोचेल. सकाळी दुकान उघडण्याआधी अंगणात बसा, कागदावर चांगलं ऊन पडू द्या आणि स्वतः वाचा. अक्षर मुद्दाम बोटभर काढलं आहे. एका पानावर सहाच ओळी बसतात, म्हणून पुडकं एवढं जाड झालं. लहानपणी मठात बाळबोध शिकले, तेव्हा स्वामींनी पाटीवर काढून दिलेला श्रीसुद्धा एवढा मोठा नव्हता.

आमचा प्रवास सुखाचा झाला. पहिला मुक्काम मांजरसुंब्याला. तिथून कपिलधारच्या स्वामींच्या समाधीच्या दिशेला हात जोडले आणि म्हटलं, आपण लिंगवंत, पण या खेपेला देवीकडे चालले आहे, राग धरू नका. मग नेकनूर, मग केज. चौथ्या दिवशी दुपारी देवळाचं शिखर लागलं. भावजींची छबुबाई वाटभर बोलत होती. बद्रीनाथभावजी गाडीच्या पुढच्या अंगाला का बसतात आणि मागं वळून का पाहत नाहीत, ते मला या प्रवासात समजलं.

भावजी आम्हाला देवळात सोडून दुसऱ्या दिवशी परत फिरले. घटस्थापनेला आम्ही दोघी आराध बसलो. नवरात्राचे नऊ दिवस देवळातच राहायचं, एक वेळ जेवायचं, भुईवर निजायचं, देवीची गाणी म्हणायची. कुठून कुठून बायका आल्या होत्या. ओवरीत पाय ठेवायला जागा नव्हती. घरी सहा सहा पोरं, म्हशी, सासू सासरे टाकून आलेल्या, आणि सगळ्यांची तोंडं कशी माहेरी आल्यासारखी. मी पालीत तीस वर्षं संसार केला, पण एवढ्या बायका एका जागी बिनकामाच्या बसलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या.

आम्ही देवळात एक दिवस बसलो. पुढचे दिवस कुठं होतो ते उद्या लिहिते, कारण आता चष्मा परत द्यायची वेळ झाली. माझ्याजवळ चष्मा कुठून आला असं तुमच्या मनात आलं असेल. येऊ द्या.

कोजागिरी पौर्णिमा

सांगून टाकते. मी दवाखान्यात आहे. इथल्या सरकारी दवाखान्यात. तुम्ही हे वाचून उठून उभे राहिला असाल तर खाली बसा. मी धडधाकट आहे. माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आहे. छबुबाईचा डावा काढला. दोघींना दिसतं आहे. अंगभर दागिने मिळाले असते तरी एवढा आनंद झाला नसता, आणि मला दागिन्यांची किती हौस आहे ते तुम्हाला माहीत आहे.

मला दिसत नव्हतं हे तुम्हाला कळू दिलं नाही, ही पहिली चूक. चार वर्षं झाली. आधी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं, मग माणसांच्या तोंडावर धूर बसला. तांदूळ मी बोटांनी निवडत होते. माणूस चालण्यावरून ओळखायची. गेल्या पोळ्याला बाजारात सुईवाला वैदू आला आणि त्यानं केशरबाईच्या डोळ्यात सुई घालून पडदा ढकलला, तेव्हा मीही रांगेत उभी राहणार होते. केशरबाईला दोन दिवस दिसलं. मग डोळा पिकला आणि कायमचा गेला. त्या दिवसापासून मी ठरवलं, डोळा द्यायचा तर जाणत्या माणसाच्या हातात द्यायचा.

पण तुम्हाला सांगायचं कसं? आपल्या घरात दवाखान्याचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठता. छबुबाईचीही तीच गत, तिच्या घरी निराळं कारण. बद्रीनाथभावजी म्हणायचे, "बाईमाणूस धा दिस परगावी दवाखान्यात पडून ऱ्हायलं तर लोक काय म्हनतील?" मग एके दिवशी नदीवर धुणं धुताना छबुबाई म्हणाली, "नीलाक्का, देवीच्या नावानं नऊ दिस सोडत्यात का न्हाई? मंग दवाखाना बी तितंच हाय की." खरंच तर होतं. देवीच्या नावानं बाईला नऊ दिवस सुटका मिळते. स्वतःच्या डोळ्याच्या नावानं दोन घटका मिळत नाहीत. तुम्ही सुद्धा मला आराध म्हटल्यावर एका शब्दानं अडवलं नाही. उलट वाटेत खायला गूळ शेंगदाणे बांधून दिलेत. ते मी वाटेत छबुबाईलाच खायला दिले, हे खरं सांगते.

देवीला मात्र आम्ही फसवलं नाही. पहिल्याच दिवशी ओटी भरताना सगळं सांगितलं. आराधी बायकांत एक म्हातारी सगळ्यांची मुख्य आहे, तिलाही सांगितलं. ती भडकेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "नेम मोडू नका म्हंजे झालं. बसायचं तितं बसा. देवी काय निस्ती देवळात ऱ्हाती व्हय?" मग आम्ही परडी, पोत घेऊन दवाखान्यात गेलो.

तिथं पहिल्या पायरीलाच अडलो. नाव नोंदवायला एक मुन्शीजी बसलेले, दाढी पांढरी, वही उर्दूतली. माझं नाव लिहून झालं. मग विचारतात, "खाविंदका नाम बोलो बाई." आता आली पंचाईत. मी कसं घेणार तुमचं नाव? छबुबाईला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून म्हणते, "आमी न्हाई घेत. कावून घ्यावं?" मुन्शीजींनी कपाळाला हात लावला. मग छबुबाईनंच तोड काढली. माझ्या नवऱ्याचं नाव ती सांगेल, तिच्या नवऱ्याचं मी. दोघींनी एकदमच सांगितलं. मुन्शीजींनी जे पहिलं कानावर पडलं ते पहिल्या नावापुढं लिहिलं आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब आले. उंच, सावळे, हैदराबादकडचे आहेत, मराठी तुटकी बोलतात. कागद हातात घेऊन हाक मारतात, "नीलम्मा, बद्रीनाथ की बीवी." छबुबाई खाटेवर उडालीच. मीही म्हटलं, हे चालायचं नाही. डोळा गेला तरी चालेल, पण कागदावरसुद्धा दुसऱ्याची बायको व्हायची नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, खरं नाव सांगितल्याशिवाय मी हत्याराला हात लावणार नाही, कागद चुकीचा असून चालत नाही. छबुबाईला त्यांनी बोलू दिलं नाही. मीच सांगितलं पाहिजे म्हणाले.

तर मी तुमचं नाव घेतलं. उखाण्यात नाही, नुसतं. गुरुपाद, राहणार पाली. तीस वर्षांत पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण बरं वाटलं. फार चांगलं नाव आहे हो तुमचं.

शस्त्रक्रियेचं फार लिहीत नाही. डोळ्यात थेंब टाकले, डोळा बधिर झाला. डोळ्यासमोर काहीतरी हलतं आहे एवढंच कळत होतं. मी मनात ॐ नमः शिवाय म्हणत होते, ते शंभरही झाले नाहीत तोवर संपलं. खरा त्रास पुढं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, आणि सात दिवस हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. छबुबाईला न हसता ठेवणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तिथली नर्सबाई तिच्या खाटेशी येऊन रोज दम द्यायची. आराधेचा नेम म्हणून आम्ही एक वेळच खाणार म्हटलं, तर नर्सबाई म्हणाली, दूध तर उपासाला चालतं ना, आणि दिवसातून तीनदा दूध पाजलं. भुईवर निजायचा नेम तेवढा मोडला. त्याची माफी देवीकडे मागून घेतली. संध्याकाळी पडल्या पडल्या आम्ही हळू आवाजात देवीची गाणी म्हणायचो. तिसऱ्या दिवसापासून शेजारच्या खाटांवरच्या बायकाही म्हणायला लागल्या.

दसऱ्याला पट्टी सोडली. आधी नुसता उजेड, पाणी आलं डोळ्याला. मग डॉक्टरसाहेबांनी एक जाड भिंगाचा चष्मा लावून पाहिला आणि बोटं धरली. चार, म्हटलं मी. मग त्यांच्या कोटाच्या बटणाला दोरा निघाला होता तो दिसला, तोही सांगितला. ते हसले. माझा स्वतःचा चष्मा महिन्या दीड महिन्यानं मिळेल. तोवर हा तपासायचा चष्मा कंपाउंडर मला दुपारी थोडा वेळ देतो, त्यात हे पत्र चाललं आहे.

काल बद्रीनाथभावजी देवळात आम्हाला शोधून, म्हातारीकडून पत्ता घेऊन, लाल होऊन इथं आले. तेव्हा चष्मा लावायची पाळी छबुबाईची होती. भावजी बोलायला तोंड उघडतात तोच ती म्हणाली, "आवं, केस केवढं पिकलं तुमचं. आन् धोतर कवा धुतलंय?" त्यांनी जे काही ठरवून आणलं होतं ते सगळं राहून गेलं. मग खाली बसले आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिले.

आश्विन वद्य प्रतिपदा

आता ज्याच्यासाठी एवढं मोठं अक्षर काढलं ते लिहिते.

तुम्हालाही दिसत नाही. मला ठाऊक आहे. दोन वर्षांपासून ठाऊक आहे.

धुळाजीच्या नातवाच्या बारशाला तुम्ही खडीसाखर म्हणून तुरटी बांधून दिलीत, आणि अख्ख्या बारशाची तोंडं वाकडी झाली. तुम्ही म्हणालात, नीलम्मानं बरण्या हलवल्या. मी दोष पत्करला. बरण्या वीस वर्षं त्याच फळीवर आहेत. तुम्ही आता माल वासावरून देता, तराजूचा काटा बोटानं चाचपता, आणि गिऱ्हाईक दारात आलं की आधी त्याला बोलू देता, म्हणजे आवाजावरून कोण ते कळावं. मी तुमच्या मागं उभी राहून चुका झाकायची. गंमत अशी की मलाही नीट दिसत नव्हतं. दोघं आंधळे मिळून दुकान चालवत होतो आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होतो. पालीचे लोक फार भले, म्हणून निभावलं.

मी आधी माझा डोळा पुढं केला, त्याला हेही एक कारण. मला भीती वाटत होती, पण म्हटलं, माझा गेला तर तुम्हाला कधीच आग्रह करणार नाही, आणि माझा आला तर तुमचं काही ऐकून घेणार नाही. तो आला आहे.

तुम्ही म्हणाल, दवाखान्यानं माझी आई मारली, मी तिथं पाय ठेवणार नाही. सात वर्षं तुम्ही हे म्हणता आणि मी ऐकते. आज मी बोलते. सामोरी असते तर बोलता आलं नसतं, म्हणून कागदावर बोलते.

पटकीची साथ होती. पाली ते बीड तीन कोस. सासूबाईंना पहिल्या दिवशी सकाळी जुलाब सुरू झाले. आपण अंगारा लावला. दुसऱ्या दिवशी दुसरा अंगारा. तिसऱ्या दिवशी गाडी जुंपली. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा त्यांचे हातपाय गार पडले होते. ज्यांनी त्यांना उतरवून घेतलं त्यांच्या हाती काही राहिलंच नव्हतं. उशीर आपण केला. आपण म्हणते, कारण मीही पहिल्या दिवशी दारात आडवी पडून गाडी जुंपायला लावली नाही. सून म्हणून गप्प बसले. तुम्ही त्या दवाखान्यावर रागावलात, कारण स्वतःवर रागावून माणसाला जगता येत नाही. हे मला कळत होतं. तुम्हाला रात्रंदिवस हे खातं आहे, तेही कळत होतं. मी तेव्हाच जवळ बसून बोलले असते तर तुमचं ओझं हलकं झालं असतं. त्याची माफी मागते.

सासूबाई फार मायाळू होत्या. त्यांच्या लेकानं त्यांच्या नावानं आंधळं होऊन बसावं, हे त्यांना रुचलं नसतं.

डॉक्टरसाहेबांशी बोलले आहे. आश्विन वद्य द्वादशीला तुमच्यासाठी खाट धरून ठेवायला सांगितली आहे. दिवाळी तोंडावर आहे, दुकानाचा मोसम आहे, सगळं जाणते. पण पुढं थंडीत डॉक्टरसाहेब दौऱ्यावर जातील. आम्हा दोघींना ते दिवाळीपर्यंत गाडीत बसू देत नाहीत, धक्के बसतात म्हणून. तेव्हा मी इथंच आहे. बद्रीनाथभावजी उद्या एकटेच निघतात, हे पत्र घेऊन. दोन दिवस बैलांना विसावा देऊन परत इकडे यायला ते तयार आहेत. छबुबाईचे डोळे उघडल्यापासून ते कशालाही तयार आहेत. गाडीत बसायचं की नाही, तेवढं तुमच्या हातात.

आणखी एक आगळीक केली आहे, तीही सांगून मोकळी होते. आमचं पाहून देवळातल्या अकरा बायका डोळे दाखवायला आल्या. डॉक्टरसाहेबांनी मला विचारलं, गावोगावच्या बायका मी बोलावून येत नाहीत, तुमच्या आल्या कशा? मी म्हटलं, साहेब, तुम्ही लांब आहात आणि घरच्यांची इजाजत त्याहून लांब. तुम्हीच जवळ या. तर ते म्हणाले, दौऱ्यावर बीडला जाताना पालीत थांबेन, पण बसायला स्वच्छ जागा हवी, जिथं बायका न लाजता येतील. मी आपल्या दुकानाची ओसरी सांगून बसले. मीठ मिरची घ्यायला बाई दुकानात आली तर तिला कुणी विचारत नाही. तुम्हाला न विचारता सांगितलं. रागवायचं असेल तर इथं येऊन रागवा.

शिवकन्येला आशीर्वाद. आमटीत मीठ बेतानं घालते आहे ती, तुमच्या जिभेचं औषध मात्र इथं मिळत नाही.

वाट पाहते आहे. नुसती तुमची नाही, तुमच्या निरोपाचीही. नाही म्हणायचं असेल तर भावजींकडून तसं सांगा, मी ऐकून घेईन. पण हे पुडकं सगळं वाचून झाल्यावर सांगा.

आपली
नीलम्मा

॥ श्री ॥

मुक्काम केज,
आश्विन वद्य दशमी

सौ. नीलम्मा हिस आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचायला तीन सकाळी लागल्या. बंकटला दिलं नाही. शिवकन्येलाही नाही. ओळी एकीवर एक गेल्या असतील तर समजून घे, तुझ्याएवढं मोठं अक्षर मला काढता येत नाही आणि लहान दिसत नाही.

आईचं लिहिलंस ते खरं आहे. पहिल्या दिवशी दुपारी ती मला म्हणाली होती, बाळा, बीडला ने. हे तुला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मी म्हटलं, उद्या बघू. सात वर्षं मी ते ऐकतो आहे. तू उशीर आपण केला लिहिलंस. तू केला नाहीस, मी केला. आता लिहून झालं. भेटल्यावर हा विषय काढू नकोस, मला तोंडानं बोलता यायचं नाही.

दुकान बंद करून आलो. दिवाळीत बंद. लोकांना नवल वाटलं, धुळाजी म्हणाला, "गुरपादअण्णा, तुरटी तरी देऊन जावा." म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं म्हणायचं. ओसरी झाडून सारवून घ्यायला शिवकन्येला सांगितलं आहे. पोत्यांची थप्पी आत घेतली. डॉक्टरला बसायला खुर्ची लागेल, ती आपल्याकडे नाही, ती बघावी लागेल.

पत्र इथून आंबाजोगाईला जाणाऱ्या एका बाजारकऱ्याकडे देतो आहे. तो घोड्यावर आहे, आज पोचेल. आमचे बैल थकले आहेत. बद्रीनाथ त्यांना हाकत नाही, नुसता बायकोचे डोळे किती चांगले झाले ते सांगत बसतो. उद्या दुपारपर्यंत येतो.

मला भीती वाटते. तुला लिहायला हरकत नाही.

दवाखान्याच्या दारात उभी राहा. लांबून मला तू दिसायची नाहीस, पण मी तुला दिसेन. गाडी थांबली की पुढं ये आणि माझा हात धर. चार माणसं बघतील. बघू देत.

गुरुपाद